बालसंगोपनविषयक प्रकाशनांचे जाहिरात व पुनर्मुद्रण धोरण

आईबापांना मुलांच्या संगोपनासंबंधी माहिती व सल्ला देणारी मासिके, पुस्तिका, ग्रंथ आणि अलीकडच्या काळातील संकेतस्थळे कोणाच्या जाहिराती स्वीकारतात, आपला मजकूर इतरांना कोणत्या अटींवर छापू देतात आणि वाचकाला अन्य कोणत्या ठिकाणी पाठवितात, यांसंबंधी त्यांनी स्वतःवर घालून घेतलेल्या किंवा कायद्याने त्यांच्यावर घातलेल्या नियमांचा या धोरणात अंतर्भाव होतो. असे धोरण सर्वच नियतकालिकांना असते. तथापि बालसंगोपनाच्या क्षेत्रात त्याला वेगळे महत्त्व प्राप्त झाले आहे. या प्रकाशनांचा वाचक बहुधा नवखा असतो; पहिले मूल हाती आलेल्या आईला सल्ल्याची पारख करण्यास ना अनुभव असतो, ना सवड. ज्या वस्तूंविषयी तिला सल्ला हवा असतो त्याच वस्तूंचा विक्रेता जाहिरातदार म्हणून त्या प्रकाशनाचा खर्च भागवीत असतो. सल्ला चुकला, तर त्याचे परिणाम ज्याला भोगावे लागतात त्याला तो वाचताही येत नाही. जाहिरात, पुनर्मुद्रण व संदर्भदुवे हे तीन विषय वरवर भिन्न वाटले, तरी या सल्ल्याचा खर्च कोण सोसतो आणि ते वाचकाला ठाऊक आहे काय, हा एकच प्रश्न त्या तिहींच्या मुळाशी आहे.

पूर्वपीठिका : सल्ला आणि विक्री यांची सरमिसळ या वाङ्मयाच्या आरंभापासून आढळते. आंरी नेस्ले (१८१४–९०) यांनी स्वित्झर्लंडमधील व्हेव्हे येथे १८६७ मध्ये दूध व पीठ यांपासून बनविलेला बालआहार बाजारात आणला. त्यानंतर यूरोप-अमेरिकेत अशा आहारांचे अनेक उत्पादक पुढे आले. आपल्या मालासोबत बालसंगोपनाच्या पुस्तिका फुकट वाटण्याची प्रथा त्यांनी पाडली. या पुस्तिकांत स्नान, झोप, दात येणे इत्यादींविषयी पुष्कळशी उपयुक्त माहिती असे. मात्र प्रत्येक अडचणीचा उपाय अखेरीस त्या विशिष्ट डब्यापाशी येऊन थांबे. वैद्यकाच्या बाजूने लिहिले गेलेले ल्यूथर एमेट होल्ट (१८५५–१९२४) यांचे द केअर अँड फीडिंग ऑफ चिल्ड्रन हे प्रश्नोत्तररूप पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत १९१२ साली स्थापन झालेल्या बालककार्यालयाने (चिल्ड्रन्स ब्यूरो) १९१४ मध्ये इन्फंट केअर ही पुस्तिका काढली. सल्ल्याचा खर्च सरकारी तिजोरीतून भागविल्याने तीत जाहिरातीचा प्रश्नच उद्‌भवला नाही. अमेरिकेत संघशासनाच्या प्रकाशनांवर स्वामित्व हक्क नसल्यामुळे तिच्या पुनर्मुद्रणासही कोणाची परवानगी लागत नव्हती. भारतातील स्थिती याहून वेगळी आहे. येथे सरकारी पुस्तिकांवर सरकारचा स्वामित्व हक्क असून तो प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. सरकारी पत्रक म्हणजे सार्वजनिक मालमत्ता असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. परंतु तो कायद्याला धरून नाही.

खाजगी प्रकाशनांना जाहिरातीचा आधार घ्यावा लागला. जॉर्ज हेक्ट यांनी १९२६ मध्ये सुरू केलेले व पुढे पेरेंट्स या नावाने प्रसिद्ध झालेले मासिक हे या प्रकारचे प्रमुख उदाहरण होय (त्याची मुद्रित आवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली). आपल्या पृष्ठांवर जाहिरात केलेल्या मालास प्रशस्तीचा शिक्का वापरू देण्याची पद्धत या मासिकाने अवलंबिली होती. गुड हाउसकीपिंग या गृहिणींच्या मासिकाचा असाच शिक्का त्याहून जुना. मासिकाने मालाची किती कसून परीक्षा केली आणि शिक्का पाहणाऱ्याचा त्यावरून काय समज होतो, या दोहोंत अंतर असल्याचा आक्षेप घेऊन अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्या मासिकाविरुद्ध १९३९ मध्ये कारवाई सुरू केली. याउलट, १९३६ मध्ये स्थापन झालेल्या कन्झ्यूमर्स युनियन या संस्थेने आपल्या नियतकालिकात एकही जाहिरात न घेण्याचे ठरविले आणि ते धोरण आजवर पाळले आहे.

जाहिरात छापण्याचा निर्णय नेहमी लेखकाच्या हाती असतोच असे नाही. बेंजामिन स्पॉक (१९०३–९८) या बालरोगतज्ञांचे बालसंगोपनावरील ग्रंथ १९४६ पासून पॉकेट बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्वस्त आवृत्तीतून घरोघर पोहोचला. पुढे प्रकाशकाने त्यात जाहिरातींची पाने घातली. डॉक्टरच्या सल्ल्याच्या पुस्तकात अशी पाने आली, की त्या वस्तूंना डॉक्टरचीच संमती आहे असे वाचक समजेल, ही स्पॉक यांची हरकत होती आणि १९६०–७० या दशकात त्यांनी प्रकाशकाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मजकूर एकाचा व पृष्ठे दुसऱ्याची असली म्हणजे केवढी गुंतागुंत होते, हे या प्रकरणातून दिसून येते. आजही लेखक व प्रकाशक यांच्या करारात जाहिरातीसंबंधीचे कलम अनेकदा नसते.

शिशुआहाराचा वाद : जाहिरात-धोरण हा संपादकांच्या सदसद्विवेकाचा विषय न राहता आंतरराष्ट्रीय नियमनाचा विषय झाला, तो शिशुआहाराच्या प्रश्नामुळे. आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये काम करताना क्वाशिओरकॉर या कुपोषणजन्य रोगाचे वर्णन करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स (१८९३–१९९२) यांनी १९३९ मध्ये सिंगापूर येथील एका भाषणात दुधाच्या भुकटीच्या अपप्रचारावर कठोर टीका केली होती. त्यांच्या म्हणण्यामागील कारणपरंपरा साधी आहे. भुकटी कालविण्यास स्वच्छ पाणी लागते, बाटली उकळण्यास इंधन लागते आणि डबा महिनाभर पुरविण्यास पैसा लागतो. जेथे यांतील एकही गोष्ट हाताशी नसते, तेथे आई भुकटी पातळ करते, बाटली नुसती विसळून घेते आणि मुलाला अतिसार जडतो. दरम्यान स्तनपान थांबल्यामुळे दूध आटलेले असते व मागे फिरण्याची वाट जवळजवळ बंद झालेली असते. जाहिरातीने कोणतेही खोटे विधान केले नाही, तरी हा परिणाम टळत नाही. गुटगुटीत बाळाचे चित्र पुरेसे असते.

विल्यम्स यांच्या इशाऱ्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. न्यू इंटरनॅशनॅलिस्ट या नियतकालिकाने ऑगस्ट १९७३ च्या अंकात हा प्रश्न मांडला आणि १९७४ मध्ये ब्रिटनमधील वॉर ऑन वाँट या संस्थेने माइक मुलर यांची द बेबी किलर ही पुस्तिका प्रसिद्ध केली. बर्न येथील एका स्विस गटाने त्याच वर्षी तिचा जर्मन अनुवाद काढला आणि शीर्षक बदलून ‘नेस्ले बालकांना मारते’ अशा अर्थाचे केले. मूळ पुस्तिकेचा रोख सबंध उद्योगावर होता. अनुवादाच्या शीर्षकाने तो एका कंपनीवर आणला. कंपनीने बदनामीचा दावा लावला, पुढे आपले इतर आरोप मागे घेतले, पण शीर्षकाविषयीचा आरोप कायम ठेवला. १९७६ च्या निकालात प्रतिवादी दोषी ठरले व त्यांना प्रत्येकी ३०० फ्रँक दंड झाला. मात्र कंपनीने आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून फेरविचार करावा, असेही न्यायाधीशांनी सुनावले. दंड नाममात्र असल्याने आणि ताशेरे जगभर छापले गेल्याने दाव्यात जय कोणाचा झाला हे सांगणे कठीण आहे. पुनर्मुद्रणाच्या दृष्टीने मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. मजकूर जसाच्या तसा ठेवून केवळ मथळा बदलल्यानेही दायित्व बदलते आणि ते दायित्व मूळ लेखकाकडे न जाता छापणाऱ्याकडे येते.

अमेरिकेत १९७७ मध्ये कंपनीच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. जागतिक आरोग्य परिषदेने २१ मे १९८१ रोजी स्तनदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधीची आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. तीन राष्ट्रे तटस्थ राहिली व विरोधी मत अमेरिकेचे होते. या पदार्थांची सर्वसामान्य जनतेत जाहिरात करू नये, नमुने फुकट वाटू नयेत, तसेच उत्पादकांनी दिलेल्या शैक्षणिक साहित्यात मालाचे नाव नसावे, असे दंडक तीत घालण्यात आले.

भारतातील कायदे : भारताने १९८३ मध्ये स्वतःची राष्ट्रीय संहिता स्वीकारली आणि पुढे तिला कायद्याचे रूप दिले. शिशुदुग्ध पर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार यांच्या उत्पादन, पुरवठा व वितरणाचे नियमन करणारा १९९२ चा अधिनियम १ ऑगस्ट १९९३ पासून अंमलात आला. २००३ मध्ये दुरुस्ती होऊन तो अधिक कडक झाला आणि दोन वर्षे वयापर्यंतच्या बालकांचा आहार त्याच्या कक्षेत आला. या कायद्याची दोन कलमे प्रकाशकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एकानुसार अशा पदार्थांची जाहिरात करणे तर निषिद्ध आहेच, शिवाय ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणे हाही गुन्हा आहे. म्हणजे जाहिरातदाराबरोबर नियतकालिकही जबाबदार धरले जाते. जाहिरातीच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक प्रक्षेपणाचाही समावेश आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. दंडाची ही रक्कम मोठ्या उत्पादकास भारी वाटेल अशी नाही, हे उघड आहे. धाक असलाच तर तो कारावासाचा. दुसरे कलम त्याहून कमी परिचित आहे. गरोदर स्त्रिया व लहान मुलांच्या माता यांच्यासाठी लिहिलेल्या, प्रसूतिपूर्व वा प्रसूत्युत्तर काळजी किंवा बालआहार यांविषयीच्या प्रत्येक शैक्षणिक साहित्यात स्तनपानाची श्रेष्ठता, वरच्या दुधाने स्तनपानावर होणारे दुष्परिणाम, वरच्या दुधाचा खर्च इत्यादी गोष्टी स्पष्टपणे सांगणे या कलमाने बंधनकारक केले आहे. संपादकाने काय छापू नये हे सांगणारे कायदे पुष्कळ आहेत. काय छापलेच पाहिजे हे सांगणारा कायदा विरळा. डब्यावर बाळाचे किंवा स्त्रीचे चित्र छापण्यासही मनाई आहे. ग्राइप वॉटर, बाळगुटी व डबाबंद बालआहार यांच्या जाहिराती मराठी मासिके व दिवाळी अंक यांतून कित्येक दशके नित्याच्या होत्या. त्यांपैकी तिसरा प्रकार या कायद्यामुळे बाद झाला. उल्लंघनाविरुद्ध फिर्याद करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांना देण्यात आला असून मुंबईची अकॅश ही ग्राहकसंस्था त्यांपैकी एक आहे.

पालकांना उद्देशून केलेल्या जाहिरातीने समाजाची केवढी हानी होते, याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. १९८० नंतरच्या दशकात मुंबई व अन्य शहरांत गर्भलिंगनिदानाची उघड जाहिरात केली जाई. आज चाचणीचा थोडा खर्च करा, म्हणजे पुढे हुंड्याचा मोठा खर्च वाचेल, असा तिचा आशय असे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये या चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. त्यानंतर आलेल्या १९९४ च्या केंद्रीय अधिनियमाने अशी जाहिरात कोणत्याही माध्यमातून करण्यास बंदी घातली. २००३ मधील दुरुस्तीने इंटरनेटचा उल्लेख त्यात स्पष्टपणे करण्यात आला. यांखेरीज जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा अधिनियम आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण अधिनियम हेही येथे लागू पडतात. दुसऱ्या अधिनियमानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाप्रमाणेच मालाची शिफारस करणाऱ्यासही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुनर्मुद्रण : लेखाचे पुनर्मुद्रण भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमान्वये नियंत्रित होते. स्वामित्व हक्क कल्पनेवर नसून अभिव्यक्तीवर असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात विशद केले आहे. तान्ह्या मुलाला न्हाऊ कसे घालावे ही माहिती कोणाच्याही मालकीची नाही. ती ज्या शब्दांत सांगितली ते शब्द मात्र लेखकाचे असतात. नोकरीत नसलेल्या लेखकाने मासिकाला लेख दिला म्हणून त्याचा हक्क आपोआप मासिकाकडे जात नाही. हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची व प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. त्यामुळे जुना लेख दुसऱ्याला छापू देण्याचा अधिकार संपादकाला नसून लेखकाला किंवा त्याच्या वारसांना असणे सहज संभवते. चालू सामाजिक वा आर्थिक विषयांवरील लेख, लेखकाने हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल, तर वृत्तपत्र वा मासिकाला पुन्हा छापता येतात; पण बालसंगोपनावरील सल्ला या सवलतीत बसविणे कठीण आहे. ‘साभार’ एवढा शब्द घातला की परवानगीची गरज उरत नाही, ही मराठी नियतकालिकांतील जुनी समजूत मात्र निराधार आहे.

पालकांसाठीच्या मजकुराच्या बाबतीत परवानगीपेक्षाही तारखेचा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. अर्भकाला पालथे निजवावे असा सल्ला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत प्रचलित होता व स्पॉक यांच्या पुस्तकाच्या १९५८ च्या आवृत्तीतही तो होता. पालथ्या झोपेचा अर्भकांच्या आकस्मिक मृत्यूशी संबंध असल्याचे पुढे दिसून आले आणि ब्रिटनमध्ये १९९१ पासून, तर अमेरिकेत १९९४ पासून बाळाला उताणे निजविण्याचा प्रचार मोठ्या प्रमाणावर करण्यात आला. सल्ला बदलला तरी जुन्या प्रती व त्यांची पुनर्मुद्रणे घरांत तशीच राहिली. आपल्याकडील उदाहरण पूरक आहाराचे आहे. केवळ स्तनपान किती महिने, या प्रश्नाचे उत्तर पूर्वी चार ते सहा महिने असे दिले जाई. जागतिक आरोग्य परिषदेने २००१ मध्ये ते सहा महिने असे निश्चित केले. भारतीय अधिनियमाच्या १९९२ च्या मूळ पाठातही शिशुआहाराची सुरुवात चार महिन्यांनंतर धरलेली होती. ती २००३ मध्ये सहा महिन्यांवर नेण्यात आली. १९९५ मध्ये निर्दोष असलेला लेख आज तारखेविना छापला, तर तो अज्ञ आईला दोन महिने आधी पेज भरविण्यास सांगेल. म्हणून मूळ प्रकाशनाचे वर्ष छापणे, मजकुरात काटछाट न करणे, शीर्षक न बदलणे आणि सुधारित पाठ उपलब्ध असल्यास तोच वापरणे, या अटी जबाबदार प्रकाशने घालतात. भारतीय अधिनियमाने लेखकाला, हक्क विकल्यानंतरही, आपल्या लेखनाचा विपर्यास झाल्यास दाद मागण्याचा विशेष अधिकार दिला आहे.

आपल्या मजकुराचा उपयोग कोणी जाहिरातीसाठी करू नये, ही अटही अनेक प्रकाशने घालतात. तथापि ती न्यायालयात नेहमी टिकतेच असे नाही. कन्झ्यूमर्स युनियनच्या नियतकालिकाने एका झाडणी-यंत्राविषयी दिलेला अनुकूल अभिप्राय उत्पादकाने दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत उद्‌धृत केला, तेव्हा संस्थेने दावा लावला. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्या जाहिरातींवरील तात्पुरती मनाई रद्द केली. थोडक्या शब्दांचे अचूक उद्धरण हा न्याय्य वापर ठरण्याचा संभव अधिक, असे त्या न्यायालयाचे मत पडले. जाहिराती कटाक्षाने टाळणाऱ्या संस्थेचेच शब्द जाहिरातीत यावेत, हा या प्रकरणातील विरोधाभास होय.

संदर्भदुवे : छापील मासिकातील ‘अधिक माहितीसाठी पत्ता’ या ओळीची जागा संकेतस्थळांवर दुव्याने घेतली. सर्वांना खुल्या असलेल्या मजकुराकडे नेणारा दुवा देण्यास परवानगी लागत नाही, असा निर्णय यूरोपीय संघाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्व्हेन्सन प्रकरणात दिला. २०१६ मध्ये जीएस मीडिया प्रकरणात त्याला मर्यादा घातली गेली. विनापरवाना टाकलेल्या मजकुराकडे नफ्यासाठी दुवा देणाऱ्यास त्या मजकुराचे स्वरूप ठाऊक होते, असे गृहीत धरले जाईल, असे न्यायालयाने म्हटले. यामुळे दुवा देण्यापूर्वी परवानगी मागावी ही अनेक संकेतस्थळांची अट सौजन्याची ठरते, बंधनाची नव्हे. खरी अडचण दुसरीकडे आहे. दुव्यांची संख्या पाहून शोधयंत्रे संकेतस्थळाचे महत्त्व ठरवू लागल्यामुळे दुव्याला बाजारभाव आला. वाचकाने दुव्यावरून जाऊन खरेदी केल्यास दुवा देणाऱ्याला दलाली मिळण्याची पद्धतही रूढ झाली. मोबदल्याच्या दुव्यांना शोधयंत्रांनी मान देऊ नये यासाठी २००५ मध्ये प्रचारात आलेली विशिष्ट खूण वापरली जाऊ लागली; परंतु ती यंत्रासाठी असते व वाचकाला दिसत नाही. वाचकासाठीचा नियम मागाहून आला. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींसाठी आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये सर्वच शिफारसकर्त्यांसाठी, मालाच्या विक्रेत्याशी असलेला आर्थिक संबंध उघड करणे आवश्यक ठरविले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या एका अहवालात शिशुदुग्धाच्या उत्पादकांनी पालकांच्या सल्लामंडळांतून, भ्रमणध्वनीवरील साधनांतून व प्रभावी व्यक्तींच्या द्वारे आपला प्रचार कसा चालविला आहे, याचे विवेचन आहे. डब्याबरोबर फुकट मिळणाऱ्या जुन्या पुस्तिकेचेच हे रूप होय. फरक इतकाच की पुस्तिकेवर निदान कंपनीचे नाव छापलेले असे.

लहान स्वतंत्र प्रकाशनांना हे सर्व नियम पाळून तग धरणे सोपे नाही. कपडे, खेळणी, शाळा, विमा यांच्या जाहिराती घेण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण एकदा खेळण्यांची जाहिरात घेतली, की खेळण्यातील शिशाविषयीचा लेख लिहिताना संपादकाचा हात अडखळतो, असा अनुभव अनेकांनी सांगितला आहे. म्हणून काहींनी जाहिरातीची विक्री संपादनापासून वेगळी ठेवली, काहींनी केवळ पुस्तके व शैक्षणिक साहित्य यांच्याच जाहिराती घेण्याचे ठरविले, तर काही प्रकाशने वर्गणी व देणग्या यांवरच चालतात. पुण्याहून १९८७ पासून निघणाऱ्या पालकनीतीसारख्या मासिकांमुळे पालकांसाठीच्या वैचारिक लेखनाला मराठीत स्वतंत्र व्यासपीठ मिळाले. जुन्या अंकांतील लेख आता संगणकावर उपलब्ध होऊ लागल्याने पुनर्मुद्रणाच्या परवानग्या, लेखांवरील तारखा आणि मुदत संपलेले दुवे यांची नव्याने छाननी करण्याचे काम अशा प्रकाशनांपुढे आले आहे. बंद पडलेल्या संकेतस्थळाचा पत्ता एखाद्या व्यापाऱ्याने विकत घेतला, की दहा वर्षांपूर्वी बालरोगतज्ञाकडे नेणारा दुवा त्याच्या दुकानात उघडतो आणि लेख लिहिणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.